कागदावर गोरी

दोना झुल्मिराने चौतीस वर्षं विद्यापीठाच्या खाणावळीत वाढपाचं काम केलं. वाढपाची खिडकी बुटकी, जेमतेम ताट सरकेल एवढी. समोर कोण उभं आहे ते दिसायचं नाही, दिसायचे फक्त हात. भाताचा डाव, घेवड्याची पळी, वरून मांसाचा तुकडा, पुढचा. कुणी दुसरा तुकडा मागितला तर आतून आवाज यायचा, "घरी आईला सांग." या आवाजाला पोरं टरकून असत आणि त्यांचा जीवही त्याच्यावर होता. सगळी तिला मावशी म्हणायची, मोठी माणसं दोना, म्हणजे बाई.

पहिली वीसेक वर्षं डॉक्टरकीच्या पोरांचे हात एकाच रंगाचे यायचे. झुल्मिराच्या रंगाचे हात असायचे ते खिडकीच्या आतल्या बाजूला. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. मग कायदा झाला, सरकारी शाळेतल्या पोरांना राखीव जागा आल्या, त्यात काळ्यासावळ्यांचा वाटा ठरला, आणि वर्तमानपत्रं वर्षभर नुसती पेटलेली होती. मिनास प्रांतातल्या आमच्या या गावात तर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा दोन तट पडले. खाणावळीतला खाटीक म्हणाला, "आता मांसाच्या तुकड्यालाही कोटा लावा." झुल्मिरा म्हणाली, "लावलाच आहे. एकाला एक." तिचं मत विचाराल तर ते एवढंच.

पण हात बदलले, हे तिने पाहिलं.

हात बदलले तशी लबाडीही आली. दंतवैद्यांची, जमीनदारांची लख्ख गोरी पोरं अर्जावर बेधडक 'सावळा' लिहून राखीव जागेवर बसू लागली. कायद्यात लिहिलं होतं, जो तो स्वतःचा रंग स्वतः सांगेल. मग काय, सांगायला कुणाच्या बापाचं काय जातंय! बोंबाबोंब झाली, चौकशा झाल्या, आणि शेवटी विद्यापीठाने पडताळणी समिती नेमली. पाच माणसं. त्यात बाया हव्यात, बाप्ये हवेत, काळे हवेत, गोरे हवेत, आणि एक जण कर्मचाऱ्यांतला हवा. समितीच्या अध्यक्ष प्रोफेसर एलोइझा सरळ स्वयंपाकघरात आल्या.

"दोना झुल्मिरा, तुम्ही या. तुम्ही कुणाला भीत नाही."

"मला यातलं काय कळतं?"

"कळायचं काही नाही. बघायचं."

नियम खरोखरच तेवढा होता. आजी बघायची नाही, आजोबा बघायचे नाहीत, कागद तर मुळीच बघायचा नाही. रस्त्यात पोलीस ज्याला थांबवतो, दुकानात रखवालदार ज्याच्या मागेमागे फिरतो, तो चेहरा समोर आहे का, एवढंच बघायचं. उमेदवाराने जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, कॅमेऱ्यासमोर आपला रंग सांगणाऱ्या चार ओळी वाचायच्या, आणि पाच जणांनी आपापल्या चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही.

न हसणं फार जड जायचं. काही पोरं आठवडाभर गच्चीवर पडून स्वतःला भाजून घेऊन येत, नाकाची सालं निघालेली. एक तर केस बारीक कुरळे करून आला होता, मानेवर औषधाने भाजल्याचा चट्टा तसाच. "अरे, कान भाजायचे राहिले की तुझे," झुल्मिरा नंतर चहाच्या वेळी म्हणाली, आणि प्रोफेसर एलोइझांना ठसका लागला.

झुल्मिराचा निकाल पटकन लागे. बाकीचे चौघं पेन चावत बसत, तिची चिठ्ठी उमेदवाराच्या दुसऱ्या ओळीलाच तयार असे. इतक्या वर्षांची सवय होती हाताला. ताट आलं, पळी मारली, पुढचं.

रविवारी ती थोरल्या भावाकडे जेवायला जायची. लिंदोल्फो रेल्वेतून निवृत्त झालेला, कोटा म्हटलं की चवताळणारा. भेंडी घातलेली कोंबडी आणि मक्याची मऊ उकड समोर आली की त्याचं सुरू व्हायचं.

"माझ्या पोराने घासून अभ्यास केला, इंजिनियर झाला. कुणी त्याला रंग विचारला?"

"पोलिसाने विचारला होता. दोनदा."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? चेहरा तोच होता ना?"

"झुझू, तुझी ती समिती म्हणजे गुरांचा बाजार. दात बघता का गं पोरांचे?"

"दात तुझे बघितले असते, पण उरलेत कुठे."

असं दर रविवारी. भांडण म्हणावं तर भांडण, नाही तर भूक लागायला एक निमित्त. लिंदोल्फो तिच्यापेक्षा दोन छटा काळा, आणि म्हणायचा काय, तर आपण मुळात गव्हाळच, फक्त उन्हात जास्त वेळ उभे राहिलो.

समितीच्या पाचव्या वर्षी ब्रेनो आला. औषधाच्या दुकानदाराचा मुलगा, सरकारी शाळेत शिकलेला, डॉक्टरकीला अर्ज केलेला. रंग उजळ, केस तपकिरी आणि मऊ, नाक सरळ. तो भाजून आला नव्हता. कुरळाही झाला नव्हता. खुणेवर उभा राहिला, वाचायला लागला, आणि तिसऱ्या ओळीनंतर खिशातून एक फोटो काढून त्याने कॅमेऱ्यासमोर धरला.

"ही माझी आजी."

"फोटो खिशात ठेवा," प्रोफेसर एलोइझा म्हणाल्या. "नियमात बसत नाही."

"हिनेच मला वाढवलं. ती..." तो थांबला आणि झुल्मिराकडे बघून म्हणाला, "ती तुमच्यासारखीच होती हो दिसायला. अगदी तुमच्यासारखी."

झुल्मिराने तेव्हा मान वर केली. तिची चिठ्ठी आधीच घडी होऊन टेबलावर पडली होती. तीन 'नाही', दोन 'हो'. तिची 'नाही'.

ब्रेनोची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तिचं नाव ताइसा, बसच्या कंडक्टरची पोर. मार्चमध्ये वर्ग सुरू झाले आणि एक दिवस वाढपाच्या खिडकीत नव्याकोऱ्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या आल्या, मनगटं चांगली काळीभोर. "मावशी, मला लागली डॉक्टरकी!" बाहेरून आवाज आला. ही पोर कोण, कुठली, झुल्मिराला ठाऊक नव्हतं. तिने मांसाचे दोन तुकडे वाढले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. वर दटावलं, "ओरडू नकोस, सगळे मागतील."

मे महिन्यात ब्रेनोच्या वकिलाने दावा लावला. वकील मोठा हुशार. आपला अशील काळा की गोरा या भानगडीत तो पडलाच नाही. त्याने समितीचीच कागदपत्रं मागवली आणि न्यायाधीशापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, त्या दिवशीची फिल्म. तीत टेबलाची कडही आली होती, आणि स्वच्छ दिसत होतं की एका बाईने उमेदवाराची दुसरी ओळ संपायच्या आत मत लिहून टाकलं. दुसरी गोष्ट अशी, की नियमाप्रमाणे समितीत काळी बाई हवी, आणि त्या दिवशीच्या समितीत ती नव्हती.

प्रोफेसर एलोइझा हातात कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या. भांडी घासणं चाललं होतं.

"दोना झुल्मिरा, वकील म्हणतो तुम्ही गोऱ्या आहात."

कुणीतरी नळ बंद केला, नीट ऐकायला. मग जे हसू फुटलं, काय सांगावं! खाटीक तर जमिनीवर बसला. "मावशी, पावडर कुठली लावता?" एकीने हातातलं झाकण टाकलं, ते गरगरत मोरीपर्यंत गेलं. प्रोफेसरही हसत होत्या. झुल्मिरा तेवढी हसत नव्हती.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "आहे मी गोरी. कागदावर."

नोकरीला लागताना कारकुनाने तिच्या जन्माच्या दाखल्यावरून रंग उतरवून घेतला होता. आणि दाखल्यावर, एकोणीसशे बासष्टच्या दाखल्यावर, गोल वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'गोरी'.

ते असं झालं. तेव्हा आमच्याकडे जन्मनोंदणीत रंग लिहीत, आणि लिहिणारा असे नोंदणी कचेरीतला सेउ ओनोफ्रे, म्हणजे ओनोफ्रेराव. माणूस वाईट नव्हता. हात हलवत येणाऱ्याचं लेकरू तो होतं त्या रंगाचं लिहायचा. जो काही घेऊन येई त्याच्या लेकराला एक पायरी वर चढवायचा, लोकांचं भलं होतंय म्हणून. सगळा तालुका त्याच्या हाताने एकेक पायरी चढला. झुल्मिराचा बाप बेलार्मिनो कॉफीच्या मळ्यावर मजूर. लिंदोल्फोच्या वेळी तो एक कोंबडा घेऊन गेला, लिंदोल्फो सावळा झाला. झुल्मिराच्या वेळी दोन कोंबडे घेऊन अठरा किलोमीटर चालला. पोरगी आहे, हिला जास्त लागेल, असा त्याचा हिशोब. सेउ ओनोफ्रेने पाळण्यातल्या पोरीला न बघताच दोन पायऱ्या चढवलं. बेलार्मिनोला वाचता येत नव्हतं. त्याने येताना वाटेत तिघांकडून तो शब्द वाचून घेतला, खात्री करायला.

घरात 'काळा' हा शब्द काढायची बंदी होती. काळी गाय म्हणायचं झालं तरी बाप म्हणे, "ती गडद गाय." मरेपर्यंत तो पोरीला सांगत होता, "तुला कुणी अडवलं तर दाखला दाखव." तिला पुष्कळदा अडवलं. दाखला तिने कुणाला दाखवला नाही. दाखवते कशी? लोक असेच हसले असते.

न्यायाधीशापुढे विद्यापीठाने सांगितलं, या बाई स्वतःला काळी म्हणवतात, तेवढं पुरे. वकील उठला. "साहेब, माझा अशील स्वतःला सावळा म्हणवतो, ते समितीला पुरलं नाही. त्याच्या शब्दावर भरवसा नाही, तर या बाईच्या शब्दावर का?" बोलणं बिनतोड होतं. न्यायाधीशाने चष्मा काढला, पुसला, आणि हुकूम दिला, की दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाच्या पडताळणी समितीने दोना झुल्मिराला रीतसर बघावं. ती काळी ठरली तर निकाल कायम. नाही ठरली, किंवा आलीच नाही, तर ब्रेनोची पडताळणी रद्द, सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ती जागा कुणाचीच नाही. म्हणजे ताइसा घरी.

गावात चेष्टेला ऊत आला. बेकरीत पाव घ्यायला गेली तर मालक म्हणे, "या गोऱ्या बाई!" झुल्मिरा म्हणाली, "गोऱ्यांना सुट्टे लागत नाहीत, नोट घे आणि गप्प बस." पण घरी आली की दाखला काढून बसायची. बापाने दिलेलं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. घर भाड्याचं, आईचे डूल चोरीला गेलेले. तेवढा एक शब्द होता.

रविवारी लिंदोल्फोने ताटाला हात लावला नाही.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"न जाऊन कसं? त्या पोरीची जागा जाईल."

"ती पोरगी तुझी कोण?"

"कुणी नाही."

"आणि बाप?" लिंदोल्फोचा आवाज चढला. "माझ्या वेळी एक नेला, तुझ्या वेळी दोन! मी कधी बोललो? साठ वर्षं गिळून बसलो की म्हातारा तुझ्यासाठी जास्त चालला. आणि तू आता परक्या शहरात पाच माणसांसमोर उभी राहून सांगणार, मी काळी? म्हणजे बाप खोटा?"

"बाप खोटा नव्हता, लिंदो. घाबरलेला होता."

"घाबरलेला नव्हता तो!"

"मग आपल्या गायीला गडद का म्हणायचा?"

 लिंदोल्फोने ताट सरकवलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि झुल्मिराने पाहिलं की त्याचे खांदे हलताहेत. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्या घरात तशी रीत नव्हती. तिने भांडी घासली आणि निघाली. या वादात कोण बरोबर ते मी सांगणार नाही. दोघांनाही बाप एकच होता, आणि दोघांचंही त्याच्यावर प्रेम होतं, म्हणूनच तर पंचाईत.

सोमवारी वाढपाच्या खिडकीत हात आले, पण ताट आलं नाही. ताइसा गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून खिडकीतून आत बघत होती. चौतीस वर्षांत त्या खिडकीतून असं तोंड घालून कुणी बघितलं नव्हतं. पोरीचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, तुम्ही जाणार ना?"

मागे रांग खोळंबली होती. झुल्मिराला सांगायचं होतं की तीन रात्री झोप नाही मला, मी जाते की नाही ते मलाच ठाऊक नाही. आणि हेही, की त्या ब्रेनोकडे मी नीट बघितलं नाही गं, बघितलं असतं तरी 'नाही'च म्हटलं असतं बहुतेक, पण बघितलं नाही हे खरं. 

"ताट पुढे कर," ती म्हणाली. "रांग थांबलीय."

गुरुवारी सकाळच्या बसने ती गेली. चांगला निळा झगा घातला, केस विंचरून घट्ट बांधले, मग बसमध्ये बसल्यावर मनात आलं, बांधलेले केस सपाट दिसतात, समितीला शंका यायची. तिने बांधलेले केस सोडले. मग स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ज्या पोरांना आपण हसलो, ती बसमध्ये हेच करत आली असणार. साठी उलटलेली बाई काळी दिसण्यासाठी केस सोडतेय, वा रे वा! तिने पुन्हा बांधले. उतरताना पुन्हा सोडले.

खोली तशीच होती. जमिनीवर चिकटपट्टीची खूण, कॅमेरा, टेबलामागे पाच जण. अध्यक्ष एक तरुण बाई, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. झुल्मिरा खुणेवर उभी राहिली. या जागेवरून टेबल इतकं लांब दिसतं हे तिला माहीत नव्हतं. हातात कागद दिला. त्यावर चार ओळी, तिने पाच वर्षांत शेकडो वेळा ऐकलेल्या.

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

नाव वाचून झालं. जन्मतारीख वाचून झाली. पुढचा शब्द आला. तिने कागद जरा लांब धरला. टेबलामागचे पाच जण वाट बघत होते, नम्रपणे, जशी ती नेहमी बघायची.

"मी काळी आहे," झुल्मिराने वाचलं.

एकसष्ट वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलली होती. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. काही कोसळलं नाही. उलट कुणीतरी गळपट्टा सैल करावा तसं वाटलं, आणि त्याच क्षणी दोन कोंबडे घेऊन चालणारा बाप आठवला. आता हे सगळे बघतील, तिने ताठ उभं राहत ठरवलं. बघू देत. नाक बघू देत, ओठ बघू देत, केस सोडलेत ते बघू देत. इतक्या लांबून आले आहे.

तिने मान वर केली तेव्हा पाचही चिठ्ठ्या घडी होऊन टेबलावर पडल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी त्या उघडल्या. पाच 'हो'. सही केली, शिक्का मारला, कागद पाकिटात गेला. ताइसाची जागा राहिली. खुणेवर उभं राहिल्यापासून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"झालं, दोना झुल्मिरा," अध्यक्षबाई आपुलकीने म्हणाल्या. "खरं तर तुम्हाला एवढा त्रास द्यायलाच नको होता. कुठल्या वकिलाचं डोकं! तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच झालं होतं आमचं."

त्यांना वाटलं, बाई खूश होऊन निघतील. झुल्मिराही पोरीसाठी खूश होती, खोटं कशाला बोला. पण ती खुणेवरून हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती संतापली होती, आणि यातलं कशामुळे काय होतंय ते तिचं तिला कळत नव्हतं.

"बघायचं होतं हो," ती म्हणाली. "जरा वेळ तरी बघायचं होतं. एकाला तरी वाटायला हवं होतं, की थांबा, ही कदाचित नसेल."

टेबलामागच्या पाचांनी माना वर केल्या आणि तिच्याकडे बघितलं, नीट, सावकाश. आता त्याचा काही उपयोग नव्हता. निकाल लिहून झाला होता.